डिंगचं वजन विचारणारा राजा

जायचं ठरलं ते बाबांच्या हट्टामुळे. बाबा नागपूरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवत. हृदय पार थकलेलं, तरी महिनाभरासाठी आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले होते. "लंडनच्या म्युझियममध्ये ते चिनी डिंग आहे. मी नुसतं फळ्यावर काढत आलो रे. एकदा बघू दे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुण्याच्या ताईचा फोन आला. बाबा पलीकडे झोपलेत असं समजून मी बोलून गेलो, "बाबांनंतर नागपूरच्या घराचं काय करायचं, आत्ताच ठरवून टाकू." अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

ट्रेनची तिकिटं आधीच काढा, सीनियर रेलकार्डवर स्वस्त पडतात. सेंट पॅन्क्रसहून म्युझियम चालत वीसेक मिनिटं, पण आम्ही टॅक्सी केली. प्रवेश फुकट. कॅफेतल्या सँडविचचे भाव बघून बाबा म्हणाले, "नको रे बाप्पा!" मग बाहेर बाकावर बसून घरचे धपाटे खाल्ले.

चिनी दालनात गार्डने बाबांना खुर्ची आणून दिली. समोर काचेत डिंग. तीन पाय, दोन कान, हिरवट काळं.

"एवढंसंच?" मी म्हणालो. "आपल्या भंडाऱ्यातलं पातेलं मोठं असतं."

"अरे, भांडंच ते. पितरांचा नैवेद्य शिजवायचं. दंतकथा अशी, की यू राजाने नऊ प्रांतांचा धातू गोळा करून नऊ डिंग ओतली. ती ज्याच्याकडे, राज्य त्याचं. म्हणून 'नऊ डिंग' म्हणजे सत्ता."

"मग?"

"पुढे ती ज्यांच्याकडे होती, ते चौ घराणं खंगलं. चू देशाचा राजा सैन्य घेऊन सीमेवर आला आणि त्यांच्या दूताला विचारलं, डिंगचं वजन किती? म्हणजे, कधी उचलून नेऊ? दूत म्हणाला, घराणं थकलंय, संपलेलं नाही. वजन विचारायची वेळ अजून आली नाही."

बाबा काचेकडेच बघत होते. "काल तू ताईशी बोलत होतास ना, ते ऐकलं मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार्ड जवळच उभा होता, म्हणून फक्त त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये कसंबसं म्हणालो, "बाबा, चुकलं माझं."

"हो, चुकलं," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

नागपूरला परतल्यावर दोनच महिन्यांत बाबा गेले. दिवस झाल्यावर मी शेवटी त्यांच्याजवळ राहिलेल्या ताईला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का?

"अरे, आल्यागेल्याला फोटो दाखवायचे. पोराने सुट्टी काढून लंडनला नेलं म्हणून."

नॉटिंगहॅमला येऊन आठवडा झाला. त्यांनी तिच्याकडे मला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर रडता तरी आलं असतं.