प्रल्हाद मास्तरची टाकी अन् मी निवडलेले मासे

माशायतलं माह्याएवढं अमरावतीत कोनालेच समजत नाई. हे मीच सांगत फिरतो, दुसऱ्या कोनाच्या तोंडून अजून आयकलं नाई. काचेच्या टाक्या अन् शोभेचे मासे इकायचं माहं उलसं दुकान हाय. तिथंच बसलो होतो, त अकोल्याहून प्रल्हादच्या घरून वहिनीचा फोन आला... "भाऊजी, मास्तर गेले." हातातली जाळी टाकीतच पडली. महिना झाला आता त्याले.

प्रल्हाद अन् मी दर्यापूरच्या एकाच शाळेतले. चौथीत मी दोनदा बसलो, तरी तिथंच राह्यलो. तो शिकत गेला, अकोल्याले मास्तर झाला. रिटायर झाल्यावर दम्यानं असा धरला का घराबाहेर निंगनंच बंद. मंग खाटेसमोर त्यानं दोन फुटाची टाकी ठेवली, हिरव्या झाडायनं भरलेली, आत बारके बारके निऑन मासे. एक दिवस फोनवर म्हने, "गड्या, खाली वाळूत फिरनारे लोच मासे पायजे. लहानच राहतीन असे, कोनाले तरास नाई देनारे, झाडं नाई उपटनारे. तू निवड."

तू निवड! मास्तर मले इचारून राह्यला, माही छाती फुगली. दुकानात कुली लोच होते, गांडुळावानी बारके, पट्ट्यापट्ट्याचे, बोटाएवढेच राहतात. त्याच्या टाकीले तेच पायजे होते, हे मले मालूम होतं. पन ते दिवसभर झाडाबुडी लपतात. म्हनलं, बिमार मानसाले दिसाले त पायजे काही... अन् आपलं नाव बी निंगाले पायजे. म्हून क्लाऊन लोच उचलले, नारंगी, काळ्या पट्ट्याचे, लय देखने. तवा दीड इंचाचे होते. पुढं एकेक फुटाचे होतात, हे बी मले मालूम होतं. पाच मासे पिशवीत बांधले अन् एसटीत मांडीवर घेऊन गेलो, कंडक्टरले दाखोत दाखोत.

प्रल्हादनं पायलं. "हे मोठे नाई होत ना रे?"

"मास्तर, तुमी पोरं शिकवा. मासे मले नोका शिकवू."

वर्षभरानं फोनवर इचारलं, त म्हने, "मस्त हायेत. ये ना एकदा, बसू टाकीसमोर." मस्त कसे असतीन? येतो म्हनलं. मंग दुकानाचं काम, मंग पाय दुखला, मंग सासूची तब्येत... सासू जाऊन धा वर्ष झाले. प्रल्हाद तिच्या तेरवीले जेवला होता. तरी म्हने, "काळजी घे त्यायची." कुली लोच नाई लपत एवढा मी लपलो.

गेलो ते त्याच्याच तेरवीले. टाकीत झाडं दाट, निऑन फिरून राह्यले, क्लाऊन एकबी नाई.

"वहिनी, माहे मासे?"

"मोठे झाले भाऊजी. सारी झाडं उपटली. एका मोठ्या टाकीवाल्याले देऊन टाकले. यायनं एकेक झाड पुन्हा लावलं, दम लागे तरी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"मी म्हनलं, सांगा. त म्हने, त्याले सांगतलं त लाजंनं येनार नाई तो."

टाकीसमोर एक खुर्ची होती. खाटेवर कोनी बी बसो, त्या खुर्चीवर प्रल्हाद कोनाले बसू देत नोयता, "माहा गडी येनार हाय" म्हने. बसलो. लय वेळानं पानाखालून एक कुली लोच निंगाला, वाळूवरून गेला अन् पुन्हा लपला. ते त्यानं घरबसल्या स्वतः निवडून मागवले होते... मले तोंड उघडल्याशिवाय कुठं राहवते? म्हनलं, "वहिनी, टाकी रिकामी रिकामीच वाटते. पुढच्या खेपेले याच्यात एक भारी मासा..."

"तुमी नुसते बसा भाऊजी," वहिनी म्हनली. "मासे नोका निवडू."