कोर्टाच्या बाकावर आई कुणाशी बोलली?

या सदरातले अनुभव मी वाचतो ते लंच टाइममध्ये, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. नागपूरला आमच्या घरी कुणी उतारा, बाहेरचं वगैरे विषय काढला की बाबा ताटावरून उठून जायचे... त्यांचाच मुलगा मी. तरी आज लिहायला बसलोय. भीती वाटली म्हणून नाही. त्या दिवशी भीती वाटलीच नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला राहायचो. माझी बायको स्मिता प्रेग्नंट होती आणि डिलिव्हरीसाठी आई नागपूरहून आली होती. त्याच सुमारास ग्रीन कार्डचं काम सुरू झालं. वकिलाच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न होता — तुम्हाला कधी अटक झाली आहे का?

झाली होती. लग्नाआधी. स्मिताला माहीत नव्हतं, नागपूरला कुणालाच माहीत नव्हतं.

झालं होतं असं, की रूममेट्सबरोबर बीचवर जाताना एका आडबाजूच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, मला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. त्याची कोर्टाची तारीख मी विसरलो. इथे तारखेला गेलं नाही की वॉरंट निघतं हे मला माहीतच नव्हतं. काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर पुन्हा पोलिसांनी थांबवलं, लायसन्स चेक केलं आणि हायवेच्या कडेला मला बेड्या घातल्या. कोर्टाच्याच इमारतीखाली लॉकअप होता. दुपारभर तिथे बसवलं, संध्याकाळी सोडलं. पुढे दंड भरून केस मिटलीही. एवढंच. पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

वकील म्हणाला, केसचा निकाल काय लागला त्याची कोर्टाच्या शिक्क्याची कॉपी लागेल. मी त्या काउंटीच्या कोर्टात फोन केला. तिकडची बाई म्हणाली, रेकॉर्ड पब्लिक आहे, कुणीही बघू शकतं, पण ऑनलाइन नाही, स्वतः यावं लागेल.

एका बुधवारी सुट्टी टाकली. स्मिताला सांगितलं क्लायंटकडे जायचंय. निघताना बघतो तर आई साडीवर स्वेटर आणि पायात बूट घालून दारात उभी.

"मला पण ने रे. दिवसभर खिडकीतून काय बघून राहायचं मी?"

"न्या ना आईंना," स्मिता म्हणाली. "तेवढंच ड्राइव्ह होईल त्यांचं."

नाही म्हणायला कारण सापडेना. गाडीत आईला सांगितलं, गाडीच्या रजिस्ट्रेशनचा एक कागद आणायचाय. ती बिचारी बाहेर बघण्यात गुंग होती. पूर्वेकडे दोन तास गेलं की सगळी कापसाची शेतं. "आपल्या वऱ्हाडासारखंच आहे की रे हे," असं ती सारखी म्हणत होती.

कोर्ट म्हणजे लाल विटांची जुनी इमारत. आत लांब कॉरिडॉर, त्यात एक लाकडी बाक, आणि समोर काचेआड रेकॉर्डचं ऑफिस. आईला बाकावर बसवलं. "कुणी काही बोललं तर नुसतं थँक्यू म्हण," असं सांगून मी आत गेलो. आईचं इंग्रजी तेवढंच. यस, नो, थँक्यू.

काउंटरवरच्या बाईंनी मला एका जुनाट कॉम्प्युटरसमोर बसवलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी माझं नाव टाईप केलं. काही नाही. आडनाव आधी टाकलं. काही नाही. क्षणभर वाटलं, बरंच झालं, नसेलच कुठे. मग बाई आल्या, "हनी, मधलं नाव काय तुझं?" आणि बाबांचं नाव आडनावाच्या जागी टाकल्याबरोबर ती ओळ आली. बाबांच्या नावापुढे केस नंबर... मान वर करवेना. शेजारी एक शेतकरी जमिनीचे कागद बघत होता. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी मी स्क्रीनवर हात धरला.

फाइल तळघरात होती. बाई आणायला गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. मी मधून मधून काचेतून आईकडे बघत होतो. ती बाकाच्या एका टोकाला सरकून बसली होती, तोंड दुसऱ्या टोकाकडे. मान हलवत होती. मला वाटलं स्तोत्र म्हणत असेल. तिची सवयच आहे ती.

बाई आल्या, शिक्का मारला, कॉपी दिली. बाहेर बघून म्हणाल्या, "तुझी आई किती गोड आहे. मघापासून एकटीच प्रार्थना करतेय."

परत निघालो. गाव मागे पडलं. मग आई रस्त्याकडे बघतच म्हणाली,

"मी वारले असं सांगितलं होतंस का रे तू इथे?"

...

आता हे सांगायलाच हवं. त्या दुपारी लॉकअपमध्ये पोलिसाने विचारलं होतं, घरी कुणाला कळवायचं? आईवडील कुठे असतात? माझी नुसती तंतरली. हे लोक नागपूरला फोन करतील, फोन आईच उचलेल, आणि कुणीतरी तिला सांगेल की तुझा मुलगा जेलमध्ये आहे. मी पटकन म्हणालो, वडील नाहीत. आई नाही. पोलिसाने पुन्हा विचारलं, आणि मी स्पष्ट इंग्रजीत म्हणालो — माय मदर इज डेड.

हे मी त्यानंतर कधीही उच्चारलेलं नाही. रूममेट्ससमोर नाही, देवासमोरसुद्धा नाही.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"तो म्हातारा बसला होता ना शेजारी, त्याने. म्हणाला, पोरगा घाबरला होता, रागावू नका त्याला."

"कोण म्हातारा? आई, तिथे कुणी नव्हतं."

"होता रे. टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बुटाला लेस पण नव्हत्या बिचाऱ्याच्या."

मी गाडी कडेला घेतली. लॉकअपमध्ये माझ्यासमोर एक म्हातारा होता. काळा, सडपातळ, टोपी मांडीवर. आत टाकताना बुटाच्या लेस काढून घेतात — त्याच्या काढल्या होत्या, माझ्याही. मी ते वाक्य म्हणालो तेव्हा तो मला म्हणाला होता, आय ॲम सॉरी, सन. पुढे दुपारभर त्याने माझ्याशी गप्पा मारायचा प्रयत्न केला. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. आपण यांच्यातले नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. आज ते लिहितानाही कान गरम होतात.

"तो बोलला ते तुला कळलं कसं?" मी विचारलं. "कुठल्या भाषेत बोलला?"

आईने जरा विचार केला. "ते नाही सांगता येत. बोलत होता, मला समजत होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंय का ते?"

आणि मी काय म्हणालो? "नाही ग. काहीतरीच काय! वेड्यासारखं बडबडला असेल कुणीतरी."

"बरं," आई म्हणाली. घरी गेल्यावर तिने स्मिताला कापसाच्या शेतांचं वर्णन ऐकवलं, कोर्टाचं नावसुद्धा काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच परत गेलो. मला कुठेतरी ते वाक्य लिहिलेलं सापडायला हवं होतं. लिहिलेलं असेल तर कुणीतरी वाचलं असेल, कुणीतरी बोललं असेल... काहीतरी लॉजिक लागलं असतं. पूर्ण फाइल मागवली. तिकीट, वॉरंट, दंडाची पावती. आईचा उल्लेख नाही. बाई म्हणाल्या, लॉकअपची नोंद वेगळी, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात बघ. तिथल्या माणसानेही कुरकुर न करता काढून दिली. जवळच्या नातेवाइकाची जागा कोरी होती. त्या पोलिसाने काही लिहूनच घेतलं नव्हतं.

परत रेकॉर्डच्या बाईंकडे आलो. म्हटलं, त्या दिवशी माझ्याबरोबर एक म्हातारा गृहस्थ आत होते, त्यांची केस बघायचीय.

"बघ की. पब्लिक आहे सगळं. नाव काय त्यांचं?"

मला नाव माहीत नव्हतं.

"नावाशिवाय शोधता येत नाही, हनी," त्या म्हणाल्या.

त्याने त्या दुपारी मला नाव विचारलं होतं. मी सांगितलं नव्हतं, त्याचं विचारलंही नव्हतं.

"मागच्या बुधवारी बाकावर आईशेजारी कोण बसलं होतं?" मी शेवटी विचारलंच.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बाकाकडे. "कुणी नाही. ती तिथे असताना मी तळघरात जाऊन आले, तेवढंच काय ते मला दिसलं नसेल. पण गेले तेव्हाही ती बोलत होती आणि आले तेव्हाही. एकटीच."

आमची मुलगी झाली, आई परत गेली, ग्रीन कार्ड आलं. २००८ साली एका रविवारी फोनवर, कसं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, तू तेव्हा गाडीत विचारलं होतंस ना... मी म्हणालो होतो तसं. त्या लोकांना."



"माहीत आहे मला," आई म्हणाली. "खोटं बोलताना तू लहानपणापासून हसतोस. त्या दिवशी पण हसला होतास."

"माझं चुकलं ग."

"अरे, त्या म्हाताऱ्याने अजून एक निरोप दिला होता तुझ्यासाठी. म्हणाला होता, तो हो म्हणाला तरच सांगा."

"काय?"

"तू नाही म्हणालास ना मग."

"आता म्हणतोय की हो! सांग ना, काय म्हणाला होता?"

"आता नाही आठवत रे मला," आई म्हणाली, आणि मुलीला फोनवर बोलाव म्हणाली.

तिला खरंच आठवत नाही की तिने सांगायचं नाही असं ठरवलंय, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल. ती विषय बदलते. रागावून नाही, अगदी मायेने बदलते... आणि मग मला पुढे विचारायचं तोंडच राहत नाही.