माणसं खाली उतरवा

फोन आला तेव्हा मी येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. सोलापूरच्या दवाखान्यातली नर्स बोलत होती. "वासंतीबाईंचं कुणी नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर दिलाय..." पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं, वासंती गेली. आदल्या दिवशी मी भेटून निघाले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, डाळिंबाचे दाणे खात होती. नातं म्हणाल तर एवढंच, की कितीतरी वर्षं ती तुळजापुरात आमच्या घरी वरच्या खोलीत राहिली.

वासंती मूळची श्रीलंकेतली, जाफन्याची. तिकडच्या युद्धात लहानपणीच घर गेलं, वडील गेले, आणि आईबरोबर नावेतून ती तमिळनाडूत आली. छावणीत वाढली, चेन्नईत फोटोग्राफी शिकली. नळदुर्गच्या किल्ल्याचे फोटो काढायला एका गटाबरोबर आली. गट परतला, ही राहिली. किल्ले, बारवा, मातीच्या सपाट छताची माळवदाची घरं, सगळ्यांचे फोटो तिनं काढले. फोटोत माणूस मात्र येऊ द्यायची नाही. "आमच्या घराचा एकबी फोटो उरला न्हाय, ताई," एवढंच एकदा म्हणाली होती. मराठी ती बाजारात शिकली, त्यामुळं तिच्या तोंडी आमचंच 'लई' आणि 'न्हाय' बसलं होतं. कागदोपत्री ती शेवटपर्यंत परदेशीच राहिली.

तिची आठवण काढली की मला पहिल्यांदा तो साखरपुडाच आठवतो. अप्पा, म्हणजे माझे थोरले दीर, अणदूरकडच्या एका खेड्यात दगडमातीच्या दुमजली घरात राहायचे. त्या घराचे फोटो वासंतीनं आदल्या वर्षी काढले होते. अप्पांच्या मुलीचा, सुजाताचा साखरपुडा तिथंच माडीवर होता, म्हणून मी तिलाही नेलं. वर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. वासंतीनं अंगणात घराकडं तोंड करून कॅमेरा लावला, डोळा लावला आणि तशीच थांबली. मग फोनवरचा जुना फोटो माझ्यापुढं धरला. त्यात भिंत सरळ होती. आता खिडकीच्या खाली ती फुगल्यासारखी दिसत होती.

"ताई, माणसं खाली उतरवा."

"नक्की का गं?"

"नक्की न्हाय. लेन्स येगळी हाय, त्यानंबी तसं दिसंल. पण मला भ्या वाटतंय."

अप्पांना सांगितलं. त्यांनी व्याह्यांकडं बघत आवाज दाबला. "आजच्या दिवशी असलं बोलत्यात व्हय? माझ्या आज्यापासून उभी हाय ती भिंत. पाव्हणे काय म्हणतील?" मुलाची आत्या मोठ्यानंच म्हणाली, "ह्या बाईला बोलावलं कुणी?" वर कुणीतरी सतरंजी ओढत होतं, पोरी हसत होत्या, आणि प्रत्येक आवाजासरशी वासंतीची मान वर जात होती. मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि ओरडली. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"माझा बाप असाच घरात बसला हुता! भिंत पक्की हाय म्हनला! आमी त्याला मातीतनं काढला..."

पहिल्यांदा उतरली ती सुजाता. शालू सावरत, कुणाकडं न बघता. नवरी उतरली म्हटल्यावर मागून बायका निघाल्या. जिना अरुंद, एका वेळी एकच बाई मावायची; शेवटच्या म्हाताऱ्या आजीबाईंना दोघांनी धरून आणेपर्यंत मी जिन्याखालून हलले नाही. साखरपुडा रस्त्यावर, उन्हात झाला.

भिंत पडली नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लग्न मोडता मोडता राहिलं. अप्पांनी आमच्या दोघींशी बोलणं टाकलं. वासंती कुठंही कॅमेरा लावायला गेली की कुणीतरी विचारायचं, "आता ह्यो वाडा पाडताव का, बाई?" हळूहळू तिनं बाहेर पडणंच सोडलं. "माझं चुकलं असंल तर बरंच की, ताई," म्हणायची, आणि ताट तसंच ठेवून उठायची.

श्रावणात, भर दुपारी, घरची सगळी रानात असताना माडी खाली आली.

दुसऱ्या दिवशी अप्पा आमच्या दारात उभे. पायांत चपला तशाच. "बाई, चला. पंचनाम्याला फोटो लागत्यात."

"न्हाय अप्पा," ती म्हणाली. "पडलेलं घर म्या एकदा बघितलंय. परत न्हाय बघायचं."

वर जाऊन तिनं जुना फोटो आणला आणि त्यांच्या हातात दिला. उभ्या घराचा. अप्पांनी तो बघितला, मग चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. तिनं चहा टाकला.

त्यानंतर लोक तिच्याकडं आपापल्या भिंतींचे फोटो घेऊन येऊ लागले, ते तिच्या आजारपणातही येत राहिले.

गेल्या आठवड्यात भूमकडचा एक शेतकरी आला. त्याला काही माहीत नव्हतं. "फोटोवाल्या बाई हायत का?" ती गेल्याचं मी सांगितलं. अवघडत त्यानं फोन पुढं केला. "तुमी तरी बघा."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. भिंतीतलं मला काय कळणार? फोन उजेडात धरून मी खिडकीची कड बघत राहिले. वाकलीय का? सावली आहे का? कळेना.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. "आत्ता घरात कोण आहे?"

"आई हाय. लेकरं हायत."

"मग इथूनच फोन लावा. त्यांना आधी बाहेर बसवा."

त्यानं माझ्यासमोरच नंबर लावला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत आम्ही दोघंही दारात उभे होतो.