रिलिव्हर

पुंडलिक रविवारी तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट संपवून धाटावच्या केमिकल कंपनीतून थेट पेणला यायचा. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात तेव्हा मी सामाजिक शास्त्रांचा परिचय शिकवत असे. तो कायम खिडकीपाशी बसायचा. कपड्यांना कंपनीचा वास येतो, इतरांना त्रास नको, म्हणून. बी.ए. होऊन त्याला मास्तर व्हायचं होतं.

पहिल्याच तासाला मी म्हटलं, "शास्त्रं अनेक, पण बघायची गोष्ट एकच. उदाहरणाला काय घेऊ?"

"मला घ्या, गुरुजी."

"त्याला नको, सर," रोह्याची सलीमा म्हणाली. "रात्रभर जागलाय. अर्ध्यावर घोरायला लागेल."

वर्ग हसला, तोही हसला. पण घेतलं त्यालाच.

इतिहासाने विचारलं, काय घडलं? त्याचे वडील बाबाजी आणि चुलते यांचं सामाईक भाताचं शेत कंपनीत गेलं आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. भूगोलाने विचारलं, कारखाने इथेच का? नदीचं पाणी, सपाट जमीन, मुंबई जवळ. शेत देऊन नोकरी हा सौदा कसा ठरला, हे अर्थशास्त्राकडे आलं. नाही म्हणायची ताकद कोणाकडे होती, हे राज्यशास्त्राकडे. समाजशास्त्राने चुलत्यांची घरं मोजली. शेत पाच घरांचं, नोकरी एकाची. त्याने राजीनामा दिला तर पाची घरं तोंड फिरवणार. गावदेवीची पालखी अजून त्या शेताच्या जागी, म्हणजे कंपनीच्या गेटापाशी, का टेकवतात, हे मानवशास्त्राने विचारलं.

"आणि मानसशास्त्र?" सलीमाने विचारलं.

"ते विचारतं, पुंडलिकला काय वाटतं?"

त्याने फळ्यावरच्या शाखा बोटांवर मोजल्या. "सात बाजूंनी बघितलंत, गुरुजी. यातली सुटायची बाजू कंची?"

ती अभ्यासक्रमात नव्हती.

पुढे तो एकेक करत बाकीच्या सगळ्या पेपरांत पास झाला. राहिला तो नेमका हा पहिलाच. दोन वर्षं परीक्षेच्या वेळी शिफ्ट आडवी आली. मग नोंदणीची मुदत संपत आली आणि शेवटची एक संधी उरली. रविवार, सकाळी अकरा, पेण.

त्या दिवशी त्याची शिफ्ट सातला सुटणार होती. पण त्यांच्याकडे घड्याळाने सुटका होत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, ज्याला ते रिलिव्हर म्हणतात, तो येऊन ताबा घेईपर्यंत रसायनांचा रिॲक्टर सोडायचा नसतो; तापमान हाताबाहेर गेलं तर स्फोट होतो. त्याचा रिलिव्हर इकबाल. शनिवारीच म्हणाला होता, "अर्धा तास आधी येतो, यार. पेढे मात्र रोह्याचे नाय, पेणचे आण."

परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी मी शेवटची घंटा होईपर्यंत उभा होतो. सलीमा आपली उत्तरपत्रिका लिहून बाहेर आली, तरी पुंडलिक नव्हता.

पुढच्या रविवारी आला, खिडकीपाशी बसला.

"इकबालचा परदेशातल्या नोकरीचा व्हिसा आला, गुरुजी. पहाटेच मुंबईला बोलावणं आलं. घाईत माझं इसरला. बरं झालं, एक तरी सुटला."

"दुसरा कोणी नव्हता?"

"त्या रिॲक्टरचं काम येणारा कोणी नव्हता. तीनपर्यंत थांबलो."

त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले. रिॲक्टरचं तापमान लिहायचे रद्दीतले तक्ते होते. त्यांच्या मागच्या बाजूला त्याने पेपरात हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, दोन नोंदींच्या मधल्या वेळात. सहा शाखा नीट, उदाहरणांसह. मानसशास्त्राखाली फक्त दोन ओळी: 'गेट उघडं होतं. खाली वीस माणसं काम करत होती, म्हणून मी गेलो नाही.'

मी लाल पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

"पास झालो असतो?"

"व्हय," मी म्हटलं. एरवी मी तसं बोलत नाही.

त्याने कागद घडी घालून खिशात ठेवले, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजायला आला होता. त्या आठवड्यात त्याची दुसरी, तीन वाजताची शिफ्ट होती.

"निघतो, गुरुजी. पहिल्या शिफ्टचा सखा सातपासून उभा हाय, त्याचा रिलिव्हर मी. मी गेल्याशिवाय त्याला सोडणार नाय," तो म्हणाला आणि रोह्याच्या एस.टी.साठी धावला.