उभी करून बघ

भर एप्रिलात कानाला मफलर गुंडाळून गाडी चालवणारा माणूस एसी चालू ठेवतच नसणार, असं मी ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नाही, आईसमोर बोलूनही दाखवलं. ही चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामांबद्दल पुढचं लिहिताना आडपडदा नको.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईचं माहेर पोशीर आणि ते तिथले. आई त्यांना दादा म्हणायची, म्हणून ते माझे मामा. जन्मभर टेंपो चालवून थांबले होते, तरी आमची गाडी चालवायला आले ते केवळ आईसाठी. तिला आठवड्यातून दोनदा कर्जतहून खोपोलीला डायलिसिसला न्यावं लागायचं आणि मी असायचो कारखान्यात शिफ्टला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "उभी करून बघ." कुणी जुनी मोटरसायकल घ्यायला निघालं की म्हणायचे, "चालताना समदी बरी दिसतात. उभी करून बघ रं." नातीला बघायला मुलगा आला, तर चहा झाल्यावर मामांनी त्यालाही अंगणात उभं केलं आणि भाताच्या जातींवर बराच वेळ बोलत राहिले. पोराने एकदाही खिशातला फोन काढला नाही. मामा आत येऊन म्हणाले, "पास हाय."

मफलरचं कारण विचारलं की सांगायचे, "एसीचा वारा कानात शिरतो नि टाळूत जाऊन बसतो." पण एसीची हवा तपासावी ती त्यांनीच. झरोक्यापुढे उलटा हात धरायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. हवा कोमट लागली की म्हणायचे, "ताप हाय."

त्या उन्हाळ्यात ते दर खेपेला ताप सांगू लागले. मी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने गॅस तपासला, फिल्टर झटकला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. रविवारी सकाळी मी स्वतः एक्सप्रेसवेवर गाडी पळवली. बोटं गार पडली. तसं मामांना सांगितलं तर हसले.

"तू चालत्या गाडीचा मालक, मी उभ्या गाडीचा डायवर. दुपारची रेल्वेच्या फाटकात उभी करून बघ, भाचेराव."

मला वाटलं, नेहमीचाच विनोद.

डायलिसिसच्या माणसाला पाणी बेताने प्यावं लागतं. घसा कोरडा पडला तरी भांडं रिकामं करता येत नाही. एका दुपारी मी शिफ्ट संपवून घरी होतो; आई आली ती सरळ गार फरशीवर आडवी झाली. तेवढ्यात शेजारचे म्हणाले, "तुमची गाडी बघितली फाटकात. काचा सगळ्या खाली होत्या." माझं डोकं फिरलं.

"मामा, तुमच्या कानांपायी माझी आई भाजून निघतेय. एसी बंदच ठेवायचा असेल तर तसं सांगा, मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

मामांनी माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. किल्ली टीपॉयवर ठेवली. "बाय, निघतो गं मी," म्हणाले आणि गेले. एरवी निघताना तांब्याभर पाणी मागून घेणारा माणूस.

"माहेरचा माणूस असा गेला रे घरातून," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

पुढच्या वेळी रजा टाकून मीच तिला घेऊन निघालो. फाटकापर्यंत गाडी छान गार होती. फाटक बंद होतं, थांबलो. एसी चालू होता, माझ्याच हाताने लावलेला, आणि तरी हवा कोमट होत होत गरम यायला लागली. मी बटणं फिरवत बसलो.

मागून आई म्हणाली, "आता दादाची खिडकी उघड."

"म्हणजे?"

"आत कोंडून घेण्यापेक्षा बाहेरचा वारा बरा, म्हणायचा तो. आणि सीटखालचा कॅन घे, पुढच्या जाळीवर पाणी मार. फाटक उघडेपर्यंत तो तेच करायचा. मग जरा गार यायचं."

तो कॅन मला तंबाखूनंतर चूळ भरायचा वाटला होता. उन्हात उभं राहून मी जाळीवर पाणी मारलं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू नुसता बोललास."

दोष साधा निघाला. जाळीमागचा पंखा जळला होता. गाडी पळताना वारा आपोआप लागतो, उभी राहिली की पंखाच हवा, असं गॅरेजवाल्याने समजावलं. सकाळी हायवेला हे कळणारच नव्हतं. नवा पंखा एका दुपारात बसला. माफी मागायला मात्र माझा अख्खा पावसाळा गेला. फोन लावायचो आणि रिंग जायच्या आत कापायचो. आता त्यांची लावणी चालली असेल, आता गणपती आलेत, अशी कारणं मीच मला देत होतो.

आईने कधी टोमणा मारला नाही. ऑक्टोबरात एवढंच म्हणाली, "दादा चाललाय रोह्याला, लेकीकडे. कायमचा."

मी आईला गाडीत घेतलं आणि पोशीरला गेलो. मामा पिशवी घेऊन दारात उभे होते. कानाला मफलर.

"यष्टी हाय की मला," ते म्हणाले.

"बस गपचूप," आई म्हणाली.

ते माझ्या शेजारी बसले. कर्जत मागे पडेपर्यंत आईशीच बोलत होते, कुणाचं भात पिवळं पडलं, कुणाची सून बाळंत झाली. माझ्याशी एक शब्द नाही. पुढे फाटक बंद मिळालं. दुपारचं ऊन होतं. गाडी उभी राहिली तसा नवा पंखा घोंघावू लागला. मामांनी झरोक्यापुढे उलटा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"ताप नाय," ते झरोक्यालाच म्हणाले.

"मामा, माझं चुकलं."

"काय?"

पुन्हा म्हणालो. पंख्याच्या घोंघाटात आणि मफलरमध्ये ते त्यांच्यापर्यंत पोचेना. शेवटी मामांनी कानावरचा मफलर सोडला, हात पुढे केला आणि एसी बंद केला.

"हां. आता बोल रं."

काचा बंद होत्या. मागे आई सरसावून बसली. माझ्या कपाळावर घाम यायला लागला होता.

"मामा, आईसमोर मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही सांगत होतात ते एकदा करूनही बघितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."