वाटाण्याएवढ्या जागेची मोजणी

दुपारी डोळा लागता लागता हातातला कागद छातीवर पडतो. पेन्सिल बोटांतच राहते. कागद कुणीतरी उचलतं.

पायाशी अण्णा बसलेले आहेत. माझे वडील जाऊन चौदा महिने झाले, हे मला झोपेतही ठाऊक आहे.

"हा कसला नकाशा? उत्तर दिशा कुठाय?" ते विचारतात. जन्मभर त्यांनी सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या.

"तुमच्या मेंदूचा आहे. आठवणी सांभाळणाऱ्या भागातली वाटाण्याएवढी जागा. एक ठिपका म्हणजे एक पेशी, आणि रंग म्हणजे तिच्यात कोणती जनुकं चालू होती."

"मेलेल्या माणसात चालू?"

"मेंदू पाच तासांच्या आत गोठवला. तेव्हा जे होतं, ते."

"म्हणजे पंचनामा." ते हसतात. "बराचसा पांढराच दिसतोय. पड जमीन."

आम्ही बांधावर उभे आहोत. ऊन आहे, पण पायाखाली दवाखान्याची गार फरशी. मोजणीच्या साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मधे खाट आहे. तिच्यावरही अण्णाच पडलेले आहेत, डोळे उघडे.

"यात तुझं नाव कुठल्या ठिपक्यात?"

"नावं दिसत नाहीत यात."

"मग मोजलं काय यांनी?"

शेवटच्या वर्षी ते मला विचारायचे, बाई, तुम्ही कुणाच्या?

"हेमांगी, मोजणीआधी काय करतात?"

"नोटीस देतात. जमीन ज्याची त्या धारकाला आणि लगतच्या शेतकऱ्यांना."

"धारकाला दिलीस?"

खाटेवरचे अण्णा माझ्याकडे बघतात. मेंदूदानाचा कागद याच खाटेच्या कठड्यावर टेकवून मी त्यावर सही केली होती. त्यांना आता काय कळणार, असं डॉक्टरांना मीच म्हणाले होते.

"तुम्हाला कळलं नसतं, अण्णा."

"न कळणाऱ्यालाही द्यायची असते. मी ओसाड घरांच्या दारांवर चिकटवल्यात नोटिसा."

त्यांच्या बाजूची साखळी सैल पडते.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं आहे. प्रयोगशाळेने पाठवलेला नकाशा छातीवरच आहे. खालच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय: 'धारक जागेवर हजर होते. नोटीस दिलेली नाही.'

अक्षर माझंच आहे. बोटाला शिसं लागलंय. पुसायला गेलं तर पसरतं.