काल खाल्लेल्या सात्या

डोक्यावरची टोपली उतरवली की ती सात्यावाली म्हातारी आधी स्वतःच्या पोटावर थाप मारायची. "कालच्या सात्या इथं हायेत, आन् मी तुमच्यापुढं जिती बसली हाये. घ्या!"

नातवंडांनो, सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. तुमच्याकडे दुकानात डब्यात मिळते ती नव्हे. हिला ओल्या मातीचा वास असतो. श्रावणात आमच्या तुमसरच्या गल्लीत आंबागडकडच्या बायका पळसाच्या पानांत बांधून सात्या आणायच्या. इतरांच्या त्याच सकाळी तोडलेल्या असत, हिच्या एक दिवस शिळ्या, कडा जरा काळवंडलेल्या. ज्या वारुळाच्या तोडल्या त्यातल्या मूठभर आधी स्वतः शिजवून खायच्या, रात्र जाऊ द्यायची आणि मगच विकायच्या, असा तिचा नियम होता. दोन वारुळांच्या सात्या ती एका पुड्यात कधी बांधत नसे.

"बुढे, तू आमाले शिळं विकते," शेजारीण चिडवायची.

"तुले सात्या ताज्या पायजे का नवरा जिता पायजे?"

शेजारीण हसत पुडा घ्यायची.

माझा गुडघा सुजला की ती न सांगता निरगुडीचा पाला घेऊन यायची. तो गरम करून कसा बांधायचा ते तिनेच मला शिकवलं. वारांप्रमाणे लावलेला माझा गोळ्यांचा डबा पाहून एकदा म्हणाली, "बाई, तुमच्या दुखन्याले बी टाइमटेबल हाये!"

चार वर्षांपूर्वी श्रावणात तुमचे बाबा एकटेच आले होते. निघायच्या आदल्या दुपारी त्यांना सात्यांची आठवण झाली. नेमकी तेव्हाच ती रानातून परतताना दारात टेकली. टोपली भरलेली होती. मी मागितल्या.

"उद्या सकाळी देईन, बाई. ह्या आताच तोडल्या."

"उद्या पहाटे तो निघतोय."

"मंग पुढच्या साली खाईन थो. कायले घाई करता?"

"इतकी वर्षं तोडते आहेस. तुला अजून ओळखता येत नाहीत का?" मी म्हणाले.

तुम्ही तिचा चेहरा पाहायला हवा होता. ती बराच वेळ एकेक सात्या उचलून नाकाशी धरत राहिली, मग पुडा बांधून माझ्या हातात दिला. पोटावर थाप मारली नाही.

माझा सोमवारचा उपास होता, म्हणून तुमच्या बाबांनी एकट्यानेच खाल्ल्या. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस सलाईन लागलं, विमान चुकलं. ते बरे झाले. पण गल्लीभर झालं की म्हातारीचे डोळे गेले, तिच्याकडून काही घेऊ नका. खरंच गेले होते का? मला ठाऊक नाही. तिला मात्र ठाऊक असावं. म्हणूनच ती रात्र जाऊ देत असेल.

आठवड्याने ती टोपली घेऊन आली. एकही दार उघडलं नाही. माझ्या पायरीशी उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना लोकाईले. म्या उद्या म्हनली होती."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. हट्ट माझा होता हे तुमच्या बाबांना कळलं असतं. ते परत गेल्यावर सांगू, असं ठरवलं. ते गेल्यावर पाऊस होता. मग दिवाळी आली. ती पुन्हा आली नाही.

यंदा मी आंबागडला गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी घर सापडलं. तिची सून ओसरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, सासू उन्हाळ्यातच वारली. त्या वर्षानंतर ती रानात गेलीच नाही. गावातही कुणी विचारायला आलं की म्हणायची, मले नाई समजत आता.

मी सुनेला सगळं सांगितलं. आधी सात्या द्यायला सासूने नकार दिला होता, तेही सांगितलं. सुपातला तिचा हात थांबला नाही.

"हे तवा सांगा लागत होतं, बाई. तिले."

मी उठले. फाटकापर्यंत ती सोडायला आली नाही.

तुमच्या बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचून झालं की कागद त्यांच्या हातात द्या.